ब्रह्मा घाटावरील निःशब्द उन्हाळा : वाफा आणि चूल यांमधील अंतर

शके १९४२, शार्वरीनाम संवत्सराचा पाडवा २५ मार्च २०२० रोजी आला. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. आदल्या रात्री घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून बाजार, कार्यालये व वाहतूक थांबली. रेल्वेची प्रवासी वाहतूक त्याआधीच बंद झाली होती, देवालयांची द्वारेही मिटली होती. वाराणसीतील ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीत त्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या, पण गुढीला लागणारी झेंडूची माळ मिळणे दुरापास्त झाले. त्याच सकाळी शहरापासून काही कोसांवरच्या शेतांत झेंडू तोडणीला येऊन उभा होता आणि तो तोडून न्यायचा कोठे, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यापुढे होता. एकीकडे माळ नाही, दुसरीकडे माळ ओवायला फुले आहेत पण गिऱ्हाईक नाही. पुढील अडीच महिन्यांत भाजी, फळे, पाने आणि दूध यांच्या बाबतीत हाच अनुभव देशभर आला.

महासाथीचा तो उन्हाळा घराघरांत शांततेचा गेला. वाहनांचा आवाज थांबला, नदी स्वच्छ दिसू लागली, पक्ष्यांची किलबिल ऐकू येऊ लागली, असे त्याचे वर्णन पुष्कळ झाले आहे. ते खोटे नाही. मात्र शेती आणि कृषी विस्तार यांच्या दृष्टीने त्या शांततेचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. गजबजाटात झाकलेली एक गोष्ट त्या शांततेत उघडी पडली. वाफा आणि चूल यांच्यामधील अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही. ते मधल्या व्यवस्थेच्या आधारावर मोजावे लागते. ब्रह्मा घाटाच्या निमित्ताने त्या अंतराचा हा मागोवा.

घाटावरील मराठी वस्ती

पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे एकमेकांना लागून असलेले घाट काशीतील मराठी वस्तीचे जुने केंद्र आहेत. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर कायगावकर काशीत येऊन राहिले. पेशव्यांच्या घराण्यात त्यांना गुरुस्थानी मानले जाई. त्यांच्या पुढाकाराने येथे घाटांची बांधणी झाली आणि महाराष्ट्रातून आलेली वैदिक व शास्त्री कुटुंबे या परिसरात स्थिरावली. नाना फडणविसांचा वाडा आणि आंग्र्यांचा वाडा ही नावे आजही या गल्ल्यांत घेतली जातात. घरात मराठी, दारात काशिका बोली, असा इथला अनेक पिढ्यांचा रिवाज आहे.

ही वस्ती शेती करणारी नव्हे. दाट गल्ल्या, जाड दगडी भिंती, मध्ये चौक आणि वर गच्ची, अशी घरांची रचना. मालकीची जमीन म्हणाल तर चार कुंड्यांपुरती. अनेक घरांची उपजीविका यात्रेकरूंवर चालत आली आहे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला येणाऱ्यांची राहण्याजेवणाची सोय, श्राद्धादी विधी आणि पूजाअर्चा यांवर उत्पन्न अवलंबून असते. मार्चअखेरीस यात्रा थांबली आणि हे उत्पन्न एका दिवसात बंद झाले. घाटावरील नावा दोरांना बांधून राहिल्या. दशाश्वमेध घाटावरील सायंआरतीही केवळ प्रतीकरूपाने होऊ लागली. म्हणजे शेतकऱ्याकडे माल होता, पण पैसा येत नव्हता. आणि घाटावरील घरात पैशाची आवक थांबलेली असताना भाजीची गरज मात्र तेवढीच होती.

या गरजेचा हिशेब साधा आहे. आहारशास्त्राच्या रूढ शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे ३०० ग्रॅम भाजीपाला हवा. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो, महिन्याला ४५ किलो. एरवी ही भाजी गल्लीत येणाऱ्या ठेल्यावरून किंवा जवळच्या सट्टीतून, म्हणजे भाजीच्या स्थानिक बाजारातून, न बोलता घरी येते. सट्टीच्या वेळा आखडल्या, ठेल्यांवर निर्बंध आले, तेव्हा या ४५ किलोंची वाट किती हातांतून जाते हे प्रथमच लक्षात आले. शेतकरी, गावातील संकलक, मालवाहू गाडी, मंडईतील आडत्या, किरकोळ विक्रेता आणि शेवटी ग्राहक. यातील एक कडी निखळली तरी माल थांबतो. २०२० च्या वसंतात एकाच वेळी तीन-चार कड्या निखळल्या.

पिकांच्या हंगामाने ठरवलेले नशीब

वाराणसी जिल्हा भाजीपाल्यासाठी ओळखला जातो. राजातालाबची भाजीमंडई, रामनगरचे गोल मोठे वांगे, चिरईगाव भागातील फळबागा, परवल, मिरची, वाटाणा, टोमॅटो आणि भेंडी ही येथील शेतीची ठळक ओळख. शहराच्या नैऋत्येस शहंशाहपूर येथे भारतीय भाजी संशोधन संस्था आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी प्रकल्प संचालनालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९९९ मध्ये राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. ‘काशी’ या उपपदाने येणारे तिचे वाण, म्हणजे चवळीचा काशी कांचन, मिरचीचा काशी अनमोल, वाटाण्याचा काशी नंदिनी, लाल भेंडीचा काशी लालिमा, महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहेत.

टाळेबंदीचा फटका सर्व पिकांना सारखा बसला नाही. पिकाचा हंगाम आणि मालाचे आयुष्य या दोन गोष्टींनी प्रत्येक शेतकऱ्याचे नशीब ठरवले.

गहू थांबू शकला. मार्चच्या अखेरीस शेतीकामांना टाळेबंदीतून सूट मिळाली, कापणी झाली, मळणी झाली. उत्तर प्रदेशातील शासकीय खरेदी नेहमीपेक्षा पंधरवड्याने उशिरा, १५ एप्रिलपासून सुरू झाली. तोपर्यंत धान्य घरात, खळ्यावर राहू शकले. उशीर झाला, तरी माल वाया गेला नाही.

फुले थांबू शकली नाहीत. काशीच्या परिसरातील झेंडू आणि गुलाब मुख्यतः देवालये व लग्नसराई यांवर अवलंबून. देवालये जूनपर्यंत बंद राहिली आणि लग्ने पुढे ढकलली गेली. चैत्र-वैशाखातील सारा बहर शेतातच सुकला किंवा नांगराखाली गेला.

विड्याच्या पानांचीही तीच गत झाली. बनारसी पानाची कीर्ती मोठी, पण पानाचे आयुष्य थोडे. टपऱ्या बंद होताच पानमळ्यापासून टपरीपर्यंतची सगळी साखळी ठप्प झाली. पान वेलीवर फार काळ ठेवता येत नाही. ते पिकते, कडक होते, त्याचा भाव जातो.

लंगडा आंबा मात्र निभावला. हा आंबा जूनच्या मध्यापासून पुढे बाजारात येतो. १ जूनपासून निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल होऊ लागले होते. कोकणातील हापूस मार्च ते मे या काळात येतो, म्हणून त्याची काढणी नेमकी कडक टाळेबंदीत सापडली. दोन्ही आंबे नाशवंत आणि दोन्ही नामांकित. फरक पडला तो केवळ काही आठवड्यांचा. कोकणातील बागायतदारांनी तेव्हा मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधून पेट्या पोहोचवल्या. पणन यंत्रणा, शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या यांनी त्याला साह्य केले. आधीपासून ग्राहकांची यादी असलेल्या बागायतदाराला ही वाट लवकर सापडली. ज्याचा सगळा माल एकाच आडत्याकडे जात असे, त्याला ती शोधावी लागली.

वाळवंटातील वाडी

ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर गंगेचा पूर्व किनारा दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि तेथे विस्तीर्ण वाळवंट उघडे पडते. नगरासमोरच्या पट्ट्यात, रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत, १९८९ मध्ये कासव अभयारण्य घोषित झाले होते. त्यामुळे या भागातील वाळूत शेतीला मर्यादा राहिली. गंगेच्या खोऱ्यात इतरत्र मात्र अशा जमिनीवर वेलवर्गीय पिकांची जुनी पद्धत आजही टिकून आहे. तिला तिकडे ‘दियारा’ शेती म्हणतात. कृष्णाकाठची मळई आणि विदर्भातील नदीपात्रातली डांगरवाडी ही तिची आपल्याकडील भावंडे.

या शेतीचे तंत्र विचारात घेण्याजोगे आहे. पूर ओसरल्यावर वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे किंवा चर खणतात. त्यांत कुजलेले शेणखत भरतात आणि हिवाळ्यात बी टोकतात. थंडीपासून रोपांच्या रक्षणासाठी वाऱ्याच्या बाजूने गवताचे कूड उभे करतात. वेल पसरू लागले की तापलेल्या वाळूवर गवत अंथरतात, म्हणजे फळ भाजत नाही आणि ओल टिकते. मुळे वाळूखालच्या ओलाव्यापर्यंत जातात, म्हणून सिंचन अत्यल्प लागते. कलिंगड, खरबूज, काकडी, दुधी, भोपळा आणि कारली ही येथील पिके. लागवड करणारा बहुधा भूमिहीन किंवा अत्यल्पभूधारक असतो. पावसाळ्यात वाडी पाण्याखाली जाणार हे त्याला ठाऊक असते. वर्षाची सारी मिळकत त्याला मार्च ते जून या चार महिन्यांतच करून घ्यावी लागते.

२०२० मध्ये नेमके हेच चार महिने अडचणीचे ठरले. कलिंगड तोडणीला आले, पण मालवाहू गाड्या कमी होत्या. रस्त्यावरील विक्री आणि उन्हाळी रसवंती बंद होती. गोड फळाला लागणारा वाटसरूच रस्त्यावर नव्हता. महाराष्ट्रातही कलिंगड आणि खरबूज उत्पादकांनी हाच अनुभव घेतला. ज्या गावांत तरुणांनी गट करून शहरातील वसाहतींना थेट माल दिला, तेथे नुकसान आटोक्यात राहिले. इतरत्र फळे बांधावर टाकावी लागली. दियाऱ्यातील शेतकऱ्याकडे सात-बारासारखा आपल्या नावाचा कागद नसतो, म्हणून पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांपासून तो सहसा दूर राहतो. विस्तार यंत्रणेच्या नोंदवहीत त्याचे नाव असणे ही म्हणूनच केवळ कागदी औपचारिकता नव्हे.

गच्चीवरील वाळवण

शेतात माल अडकला असताना घाटावरील घरांत उन्हाळ्याचे जुने काम चालूच होते. मराठी घरात चैत्र-वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, भरल्या मिरच्या, आंबोशी आणि लोणची. घरी सगळी माणसे, बाहेर जायचे नाही आणि वर तापलेली गच्ची. वाळवणाला याहून अनुकूल काळ कोणता? काशीत या कामाला एक राखण मात्र लागते. माकडांचा उपद्रव तेथे नवा नाही. अनेक गच्च्यांना लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात, त्या याचसाठी.

वाळवणाला आपण गृहिणीचे कौशल्य म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक ते काढणीपश्चात तंत्रज्ञान आहे. त्यातील प्रत्येक कृतीमागे कारण आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात आणि रोज पाणी बदलतात, कारण दाणा मऊ होऊन सत्त्व सहज सुटावे आणि पाण्याला घाण वास येऊ नये. सांडगी मिरची मीठ-ताकात मुरवून वाळवतात, कारण मीठ आणि आंबटपणा दोन्ही बुरशीला अटकाव करतात. काशीत चैत्र-वैशाखात पश्चिमेकडून वाहणारा कोरडा वारा, ‘पछुआ’, वाळवणाला पोषक असतो. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात पूर्वेकडचा दमट ‘पुरवा’ सुरू झाला की पदार्थ वाळत नाहीत, उलट ओल धरतात. वाळवण कधी थांबवायचे हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना वाऱ्यावरूनच कळते.

हीच गोष्ट शेताच्या पातळीवर महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनी त्या वर्षी केली. नाशिक, सांगली आणि सोलापूर भागांत मार्च-एप्रिल हा खाण्याच्या द्राक्षांचा महत्त्वाचा काळ. बाजारपेठा आणि निर्यात अडखळताच अनेकांनी द्राक्षे बेदाण्याकडे वळवली. त्याचे तंत्र परिचित होते. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात घड काही मिनिटे बुडवतात. त्यामुळे सालीवरील मेणाचा थर पातळ होतो व पाणी लवकर बाहेर पडते. नंतर शेडमधील जाळीवर सावलीत दोन आठवड्यांच्या आसपास वाळवून ओलावा सुमारे १५ टक्क्यांवर आणतात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. ताज्या द्राक्षाइतका भाव प्रत्येकाला मिळाला नाही, पण चार दिवसांत सडणारा माल शीतगृहात वर्षभर राहू शकेल असा झाला. वाट पाहण्याची ताकद शेतकऱ्याच्या हाती आली.

ज्यांच्याजवळ शेड नव्हती, द्रावणाची माहिती नव्हती किंवा मजूर नव्हते, त्यांना हा मार्ग त्या क्षणी खुला नव्हता. संकट आल्यावर शेड उभारता येत नाही. भाजीच्या बाबतीत तर ही उणीव अधिक जाणवली. टोमॅटो, कांदा, कोबी, कारली, मेथी आणि कढीपत्ता वाळवता येतात. बहुतेक भाज्या उकळत्या पाण्यात दोन ते पाच मिनिटे बुडवून मग ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या सौर वाळवणी यंत्रात ठेवल्या, तर रंग व चव बऱ्याच अंशी टिकते. वळवाच्या वादळात गळालेल्या कैऱ्यांची आंबोशी आणि आमचूर ही तर भांडवलाशिवाय होणारी कमाई. गावातील एका बचत गटाकडे असे एक यंत्र असले, तरी अडलेल्या मालाला दुसरी वाट मिळते.

चार कुंड्यांची परसबाग

बाहेरची भाजी बेभरवशाची झाली, तेव्हा लोकांचे लक्ष घरातील मातीकडे गेले. जुन्या मराठी घराच्या चौकात तुळशीखेरीज अळू, मायाळू, गवती चहा आणि कढीपत्ता असतोच. न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढवणे ही तर आपली जुनी रीत. त्या उन्हाळ्यात शहरोशहरी गच्च्यांवर कुंड्या, फुटके डबे आणि रिकामी पोती मातीने भरली गेली. त्यांतून पाच माणसांचे ४५ किलो निघाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु पालेभाजी, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू एवढे घरचे असले की बाजारातून केवळ टिकाऊ भाजी आणावी लागते, आठवड्यातून एक फेरी पुरते. संचारबंदीत ही एक फेरी कमी होणे फार मोलाचे होते.

उन्हाळ्यात पालक आणि मेथी नीट येत नाहीत. त्या थंडीच्या भाज्या. त्यांच्याऐवजी माठ, राजगिरा, मायाळू, चवळी आणि पाणपालक घ्यावीत. पाणपालक तळ्यात वाढते, तिला उत्तरेकडे ‘करेमू’ किंवा ‘कलमी साग’ म्हणतात. भारतीय भाजी संशोधन संस्थेने विकसित केलेला काशी मनु हा तिचा वाण तळ्याशिवाय, साध्या वाफ्यात घेता येतो आणि एका लागवडीतून पुन्हापुन्हा कापणी मिळते. तळ्यातील दूषित पाण्याची भीती त्यामुळे टळते. कडक उन्हात कुंड्यांवर जुने सुती कापड किंवा हिरवी जाळी आणि मातीवर वाळक्या पानांचे आच्छादन एवढी काळजी पुरते.

महाराष्ट्रात २०२० च्या पावसाळ्याच्या तोंडावर ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली. गावात जागा असते आणि सांडपाणीही असते. कमी पडते ते वेळेवर मिळणारे खात्रीचे बियाणे. विस्तार कार्यकर्त्याने मे महिन्यात दहा भाज्यांच्या बियांचे छोटे संच गटांना दिले, तर पुढील काम घरची मंडळी करतात.

बियाण्याची परीक्षा

घरी मिळालेल्या निवांत वेळेचा सर्वांत मोठा उपयोग त्या वर्षी सोयाबीन उत्पादकांना होऊ शकत होता. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने काढणीच्या वेळी सोयाबीन भिजले होते. त्यामुळे बियाण्याची प्रत घसरली आणि २०२० च्या खरिपात अनेक जिल्ह्यांत न उगवल्याच्या तक्रारी आल्या. दुबार पेरणीचा खर्च, गेलेला हंगाम आणि वाढलेले कर्ज हे त्याचे परिणाम. ज्यांनी पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासली, त्यांना निदान धोक्याची सूचना आधी मिळाली.

ही चाचणी घराच्या ओसरीवर होते. सरसकट घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक आले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे. त्याहून कमी असल्यास प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावे. ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते बियाणे पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, म्हणून पोती सातपेक्षा अधिक उंच रचू नयेत आणि आपटू नयेत. गोणपाट, पाणी आणि आठवडाभराचा धीर, यापलीकडे या परीक्षेला काही लागत नाही.

काशीवरून गेलेली गाडी

१ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. मुंबई, पुणे आणि नाशिक येथून पूर्वांचलातील हजारो माणसे आपापल्या गावी परतली. ज्या काळात महाराष्ट्रातून एकही यात्रेकरू काशीला येत नव्हता, त्या काळात महाराष्ट्रात राबलेले हात काशीच्या आसपासच्या खेड्यांत उतरत होते. त्यांपैकी अनेकांनी त्या जूनमध्ये भाताची लावणी केली. पाऊसमान चांगले राहिले. २०२० चा मोसमी पाऊस देशात दीर्घकालीन सरासरीच्या १०९ टक्के झाला. पहिल्या अधिकृत अंदाजानुसार त्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटले असताना शेतीक्षेत्र ३.४ टक्क्यांनी वाढले. शेतीने देशाला सावरले, असे तेव्हा म्हटले गेले. ते खरे आहे. परंतु त्या ३.४ टक्क्यांत फुलशेतीचा तोटा, पानमळ्याचा तोटा आणि वाळवंटातील वाडीचा तोटा दिसत नाही, हेही तेवढेच खरे.

त्या उन्हाळ्याचा एक धडा लवकरच रुळांवर उतरला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल्वे नाशिकजवळच्या देवळाली स्थानकातून बिहारमधील दानापूरकडे निघाली. सुमारे १,५१९ किलोमीटरचे अंतर ती जवळपास ३२ तासांत कापणार होती. वाटेत ती पंडित दीनदयाळ उपाध्याय नगर, म्हणजे जुने मुघलसराय, येथून जात असे. काशी तेथून गंगेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पुढे फळे व भाजीपाल्याच्या वाहतूक खर्चावर निम्मे अनुदानही मिळू लागले. मार्चमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरवरचा झेंडू ब्रह्मा घाटापर्यंत पोहोचू शकला नव्हता. ऑगस्टमध्ये दीड हजार किलोमीटरवरचा माल काशीच्या दाराशी येण्याची सोय झाली. व्यवस्था उभी असली की अंतर कसे आकुंचन पावते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढील उन्हाळ्यासाठी

महासाथ रोज येत नाही. परंतु वाहतूकदारांचा संप, महापूर, वादळ, अचानक निर्यातबंदी किंवा भाव कोसळणे ही लहान टाळेबंदीच असते आणि ती शेतकऱ्याला जवळजवळ दरवर्षी भेटते. म्हणून त्या उन्हाळ्यातून पुढील गोष्टी आपल्या गावापुरत्या तरी बांधून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, पिकांची नाशवंततेनुसार यादी. गावातील कोणता माल किती दिवस टिकतो आणि त्याची काढणी कोणत्या महिन्यात येते, याचा एक तक्ता ग्रामपंचायतीत किंवा गटाच्या कार्यालयात असावा. चार दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला विक्रीच्या किमान दोन वाटा आधीच ठरलेल्या असाव्यात.

दुसरी, ग्राहकांची वही. शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने जवळच्या शहरातील शंभर कुटुंबांशी वर्षभर थोडा थोडा थेट व्यवहार ठेवावा. त्यातून होणारी विक्री लहान असली तरी चालेल. संकटात अनोळखी ग्राहक सापडत नाही, ओळखीचा मात्र स्वतः विचारतो.

तिसरी, वाळवणाची सामायिक सोय. सौर वाळवणी यंत्र, बेदाणा शेड किंवा साधी जाळीदार रॅक, जे परवडेल ते गटाच्या मालकीचे असावे आणि ते चालवणाऱ्या दोन-तीन व्यक्ती प्रशिक्षित असाव्यात. गावातील अनुभवी महिलांना या प्रशिक्षणात शिकवणाऱ्याच्या जागी बसवावे.

चौथी, मे महिन्यात उगवण चाचणी आणि परसबागेचे बियाणे. ही दोन्ही कामे एकाच गावभेटीत होऊ शकतात.

पाचवी, कागदाबाहेरील शेतकऱ्यांची नोंद. नदीपात्रात, गायरानावर किंवा बटाईने शेती करणाऱ्यांची स्वतंत्र यादी कृषी सहायकाकडे असावी. मदत जाहीर होते तेव्हा सर्वांत आधी विसरले जाते ते याच माणसाचे नाव.

ब्रह्मा घाटावर आता पुन्हा गर्दी असते. यात्रेकरू आले आहेत, नावा सुटल्या आहेत, ठेले गल्लीत फिरतात. बनारसी लंगडा, रामनगरचे वांगे, बनारसी पान आणि आदमचिनी तांदूळ यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे येथील शेतमालाला नवी ओळखही लाभली. पाडव्याला झेंडूची माळ पायऱ्यांवर सहज मिळते. ती सहज मिळते, म्हणून तिच्यामागची साखळी पुन्हा दिसेनाशी झाली आहे. विस्तार कार्यकर्त्याने आणि जाणत्या शेतकऱ्याने मात्र ती विसरू नये. माळ मिळते त्या दिवसांतच, ती न मिळण्याच्या दिवसाची तयारी करायची असते.